पंखा मोठा, आवाज छोटा

कुपवाड : औद्योगिक वसाहतीतील यंत्रांच्या घरघरीला कान सरावतात, न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्याला सरावत नाहीत. खोली लहान, भिंतींना टाइल्स, त्यामुळे आवाज घुमतो. मग पंखा बंदच राहतो आणि छताला बुरशी धरते.

खरेदीवेळी हवेचा आकडा सहसा पाहिला जातो, डेसिबलचा क्वचितच. ६ बाय ५ फुटांच्या, ९ फूट उंच न्हाणीघरात सुमारे साडेसात घनमीटर हवा मावते. ती तासाला दहा वेळा बदलण्यास ताशी ७५ घनमीटर क्षमता पुरे. मात्र खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. नळी, जाळी वा झडप बसवली की तो घटतो. आवाजात दहा डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट भासते. तेवढीच हवा फेकणारा मोठ्या पात्याचा, संथ फिरणारा पंखा लहान व वेगवान पंख्याहून शांत असतो. दाराखाली फट नसेल, तर दोन्ही निरुपयोगी.

गॅस गिझर आत असल्यास मात्र पंख्यावर विसंबू नये. बंद खोलीत तो गिझरचा विषारी धूर उलट आतही ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेरच बसवावा.