पेडण्याचं चार दशांश मूल

पंधरा वर्षांच्या मुलांना वाचन, गणित आणि विज्ञान कितपत येतं हे देशोदेशी मोजणारी ‘पिसा’ नावाची एक परीक्षा आहे. ओईसीडी ही संघटना ती २००० सालापासून घेते. पद्धत साधी आहे. देशातल्या किमान १५० शाळा निवडायच्या, प्रत्येकीतून साधारण ४२ मुलं घ्यायची, की झाली ६,३०० मुलं. देश चिमुकला असो की खंडाएवढा, एवढ्या नमुन्यावर काम भागतं.

आता समजा, भारत एकच देश म्हणून या परीक्षेत उतरला आणि ही ६,३०० मुलं लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली. २०११च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी आणि गोव्याची १४,५८,५४५. त्रैराशिक मांडलं की गोव्याच्या वाट्याला साधारण साडेसात मुलं येतात. पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७, म्हणजे त्याचा वाटा ०.३९ मूल. डिचोलीची ९७,९५५, वाटा ०.५१. केरीच्या किनाऱ्यापासून मोपाच्या पठारापर्यंत आणि मयेच्या तळ्यापासून साखळीच्या बाजारापर्यंत जेवढी म्हणून मुलं शाळेत जातात, ती सगळी मिळून एक अख्खं मूलही भरत नाही.

कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचा प्रांत आहे. २०२१च्या तिथल्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,५४,३३१ होती. पेडणे आणि डिचोली मिळून १,७३,७०२ होतात, म्हणजे आपले दोन तालुके त्या प्रांताहून मोठे. तरी त्या प्रांताचे पिसाचे गुण स्वतंत्रपणे छापले जातात, कारण कॅनडा प्रत्येक प्रांतातून वेगळा आणि पुरेसा मोठा नमुना घेतो. स्पेनही तेच करतो. तिथल्या ला रियोहा या प्रदेशाची लोकसंख्या गोव्याच्या पावपटीहूनही कमी आहे, पण यादीत त्याचं नाव आहे. कोण मोजलं जातं हे आकारावर ठरत नाही. मोजून घ्यायची तयारी कुणाची, त्यावर ते ठरतं.

भारताने ही तयारी एकदाच दाखवली. पिसाच्या २००९च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांनी परीक्षा दिली. ती दोन्ही शिक्षणात देशातली बरी राज्यं, म्हणूनच निवडलेली. गणितात तमिळनाडूला ३५१ आणि हिमाचलला ३३८ गुण मिळाले. त्याच फेरीत पहिल्या आलेल्या शांघायला ६००. सत्तरहून जास्त नावांच्या त्या यादीत गणित आणि वाचनात आपल्या खाली फक्त किर्गिझस्तान होता. विज्ञानात तर हिमाचल त्याच्याही खाली गेलं. प्रश्न आमच्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते, अशी तक्रार दिल्लीने केली आणि २०१२, २०१५, २०१८, २०२२ या चारही फेऱ्यांत भारत उतरला नाही. मध्ये २०१९ मध्ये चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं यांची नावं पुढे केली होती. मग कोविड आला आणि तेही राहिलं.

शांघाय आणि हिमाचल यांच्यातलं अंतर २६२ गुणांचं. ते म्हणजे किती? पिसाच्या २०२२च्या अहवालात ढोबळमानाने २० गुण म्हणजे शाळेतलं एक वर्ष धरलं आहे. त्या हिशेबाने सिमल्याचा पंधरा वर्षांचा मुलगा शांघायच्या मुलाच्या तेरा वर्षं मागे. म्हणजे तो अजून दोन वर्षांचा आहे, नुकता बोबडं बोलू लागलाय. आधीच्या अहवालांत एका वर्षाला ४० गुणांच्या आसपास धरत. तो हिशेब लावला तर हेच अंतर साडेसहा वर्षांवर येतं आणि मुलगा एकदम तिसरीत जाऊन बसतो. गुण तेच आणि मुलगाही तोच, पण गुणिले-भागिले बदलताच त्याचं वय चौपटीहून पुढे सरकलं. हा हिशेब जवळजवळच्या देशांपुरता ठीक. लांबच्या अंतरावर ताणला की तो हास्यास्पद होतो, आणि आपल्याकडची वर्तमानपत्रं तो लांबच्याच अंतरावर ताणतात.

गोव्यासाठी खरी तुलना शांघायशी नाही, मकावशी आहे. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातून चाले. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, मकाव २० डिसेंबर १९९९ला चीनकडे गेलं. एकाच साम्राज्याची ही दोन टोकं. मकावची लोकसंख्या आज सात लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे गोव्याच्या निम्मी. पिसा २०२२ मध्ये त्याला गणितात ५५२ गुण मिळाले. पुढे होतं फक्त ५७५ गुणांचं सिंगापूर. खुद्द पोर्तुगालला ४७२, म्हणजे नेमकी ओईसीडी देशांची सरासरी. पोर्तुगीजांची दुसरी जुनी वसाहत ब्राझील, तिला ३७९. ज्यांनी चारशे वर्षं आपल्या शाळा चालवल्या किंवा न चालवून दाखवल्या, त्यांच्या स्वतःच्या देशात १९७० मध्येही दर चार माणसांमागे एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही इथे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्या मानाने सरासरी गाठणं ही लहान मजल नव्हे.

मकावने २००७ पासून पंधरा वर्षांचं शिक्षण फुकट केलं. पैसा कुठून आला? कॅसिनोंतून. कॅसिनो तर आपल्याकडेही आहेत, मांडवीत तरंगतात.

गोव्याने कमी धाव घेतली असंही नाही. १९६१च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ३१ टक्के होती. २००१ मध्ये ती ८२.०१ झाली आणि २०११ मध्ये ८८.७०. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या भागात, तर मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा कुठे अनेक वाड्यांना पाटी-पेन्सिल दिसली. पन्नास वर्षांत एकतीसाचे एकोणनव्वद झाले. पण साक्षरता म्हणजे नाव लिहिता येणं आणि चार ओळी वाचता येणं. पुढचं मोजायला आपल्याकडे सगळ्यांत लाडकी मोजपट्टी आहे ती दहावीच्या निकालाची, आणि तिची गंमत पाहायला पेडण्याहून चांगली जागा नाही.

तेरेखोल नदी ही साधारणपणे गोवा आणि सिंधुदुर्गाची हद्द. साधारणपणे म्हणायचं कारण तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तरेला असूनही पेडणे तालुक्यात मोडतात. शेजारचं रेडी महाराष्ट्रात. रेडीचं मूल महाराष्ट्र बोर्डाची दहावी देतं, तेरेखोलचं गोवा बोर्डाची. पूर्वी असं नव्हतं. गोवा बोर्ड १९७५ मध्ये स्थापन झालं, त्याआधी पेडण्याची मुलंही महाराष्ट्राचीच एसएससी देत. डिचोलीकरांना हाच अनुभव दोडामार्गच्या वाटेवर येतो. आज रस्त्याच्या एका बाजूला एक बोर्ड, दुसऱ्या बाजूला दुसरं.

२०१९ मध्ये महाराष्ट्राचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. गोव्याचा ९२च्या पुढे. मराठी घरांत हळहळ झाली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र ९५.३० टक्क्यांवर, गोवा तिथेच ९२च्या आसपास. एका वर्षात महाराष्ट्रातल्या मुलांनी एवढा अभ्यास केला? केला असेल, पण निकालाचं कारण ते नव्हे. २०१९च्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्रातले शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले होते, आरडाओरडा झाल्यावर ते परत आणले. सोळा लाखांच्या आसपास परीक्षार्थींमध्ये १८ टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे २ लाख ९० हजार मुलं. गोव्यात वर्षाला १९-२० हजार मुलं दहावी देतात. म्हणजे गोव्याच्या पंधरा वर्षांच्या दहावीएवढी मुलं एका परिपत्रकाने नापास झाली आणि दुसऱ्या परिपत्रकाने पास. कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, ८८.३८ वरून ९८.७७ वर गेला. २०२१ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि महाराष्ट्राचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा न घेता लागलेला हा निकाल आजवरचा सर्वोत्तम!

कोकण विभाग २०१२ मध्ये वेगळा झाला, तेव्हापासून दरवर्षी राज्यात पहिला. २०२५ मध्येही ९८.८२ टक्क्यांनी. गोवा त्या वर्षी ९५.३५. म्हणजे रेडीचं मूल तेरेखोलच्या मुलापेक्षा हुशार? पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, शाळेच्या हातातले गुण वेगळे. शिवाय एक मोठा फरक या आकड्यांत कुठेच दिसत नाही. सिंधुदुर्गातलं मूल बहुतेक वेळा पहिलीपासून दहावीपर्यंत मराठीतच शिकतं. पेडण्याचं मूल सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीत शिकतं आणि पाचवीला हायस्कुलात गेलं की गणित, विज्ञान, भूगोल सगळं अचानक इंग्रजीत. घरी आजी तीच, देवळातली भजनं तीच, पण अपूर्णांकांचं नाव रातोरात बदलतं. या वळणावर किती मुलं मागे पडतात याचा आकडा दहावीच्या टक्क्यांतून काढता येत नाही. माझ्या मते गोव्याच्या शिक्षणातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तोच असता.

शाळाशाळांची तुलना तर याहून फसवी. निकाल लागला की शंभर टक्केवाल्या शाळांची यादी छापून येते आणि त्यात खेड्यातल्या लहान शाळा भरपूर असतात. कौतुक करावंच, पण आधी एक गणित करू. समजा राज्यातल्या प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता अगदी सारखी, ९४ टक्के. शिक्षक सारखे, घरं सारखी, सगळं सारखं. तर दहावीत दहा मुलं असलेल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता ५४ टक्के निघते. शंभर मुलं असलेल्या शाळेची किती? ०.२ टक्के. पाचशेत एक. कुणी काही वेगळं केलेलं नसताना लहान शाळांपैकी निम्म्याहून अधिक पेढे वाटतात, आणि मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी जन्मभर राबूनही त्यांना पेढे वाटायला मिळत नाहीत. उलटंही खरं. दहा मुलांच्या शाळेत दोघं नापास झाली की निकाल ८० टक्क्यांवर येतो आणि गावात मास्तरांची बदली करा म्हणून सह्या सुरू होतात. पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत तर चारही वर्गांचा मिळून पट बोटांवर मोजण्याइतका उतरलेला. तिथे ‘टक्के’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरं टोकही पाहण्यासारखं आहे. उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीला २०२५ मध्ये २७ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं. गोव्यात तान्ही बाळं आणि म्हातारेकोतारे धरून जेवढी माणसं आहेत, त्यांच्या सुमारे पावणेदोन पट. चीनच्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलं होती, म्हणजे नऊ गोवे. एवढ्या गर्दीत सरासरी अगदी स्थिर राहते, आणि त्याच गर्दीत एखादा तालुका बुडाला तरी सरासरीला पत्ता लागत नाही.

देशाची स्वतःची मोजणीही आहे. ४ डिसेंबर २०२४ला झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळांची २१ लाखांवर मुलं बसली. तिसरी, सहावी आणि नववी. पण तिचं एकक जिल्हा. तेव्हाचे गोव्याचे जिल्हे दोन, त्यामुळे म्हापसा-पणजीच्या नावाजलेल्या शाळा आणि पेडण्याच्या डोंगरकुशीतल्या शाळा एकाच ‘उत्तर गोवा’ नावाच्या आकड्यात मिसळून जातात.

मला त्यातल्या त्यात आवडते ती ‘असर’ची पद्धत. प्रथम ही संस्था २००५ पासून ही पाहणी चालवते. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं. तपासणारा शाळेत जात नाही, सरळ घरात येतो. हातात एक कागद. त्यावर काही सुटी अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मूल पडवीत बसून वाचतं. अडखळलं तर पायरीने खाली यायचं. मग गणित: हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. बस्स. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची ती गोष्ट वाचता आली ४८.८ टक्क्यांना, भागाकार जमला ३०.७ टक्क्यांना. म्हणजे तीनातल्या दोघांना तो जमला नाही. दहावीच्या ९५ टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहा. शंभरातल्या ३१ जणांना पाचवीत भागाकार येतो, आणि दहावीत ९५ जण पास.

या पद्धतीत उत्तर गोव्याला ३०च गावं मिळतात आणि उत्तर प्रदेशातल्या भल्यामोठ्या जिल्ह्यालाही ३०च. पेडण्याच्या वाट्याला त्यातली मोजकीच येतील. पिसाच्या चार दशांशापेक्षा ते कितीतरी बरं.

मकावसारखं गोव्याने स्वतंत्रपणे पिसा द्यायचं ठरवलं, तर चित्र पालटतं. तीच ६,३०० मुलं पूर्ण राज्यातून घ्यायची. लोकसंख्येच्या प्रमाणात पेडण्याला ३२७ मुलं, म्हणजे आठ शाळा. डिचोलीला ४२३, म्हणजे दहा शाळा. दहावीच्या एकूण मुलांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा परीक्षेला बसेल आणि भारतातल्या कुठल्याच राज्याकडे नाही इतकं बारीक चित्र गोव्याकडे असेल. फक्त पेपर कुठल्या भाषेत काढायचा ते आधी ठरवावं लागेल. मकावमध्ये तो चिनी, इंग्रजी आणि पोर्तुगीज असा तिन्ही भाषांत निघतो. गोव्यात १९९० मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकरांनी मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांनाच अनुदान असं ठरवलं, २०११ मध्ये दिगंबर कामतांच्या सरकारने इंग्रजीलाही ते खुलं केलं, आणि भांडण अजून चालूच आहे.