घरातलं शास्त्र, लेखांक ६ : वाचणारा एक, ऐकणारे सगळे

मुलाच्या हातात त्याचं स्वतःचं बायबल कधी द्यावं, याबद्दल मागच्या लेखांकात लिहिलं होतं. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र राहूनच गेला. घरातल्या सगळ्यांनी मिळून रोज वाचायचं कसं? बऱ्याच घरांत एक जानेवारीला मोठ्या निश्चयानं उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला जातो. योसेफाची गोष्ट संपेपर्यंत सगळे कान देऊन असतात. निर्गमात निवासमंडपाच्या फळ्या, पडदे आणि कड्या यांची मापं सुरू झाली की वाचन अडखळतं, एक संध्याकाळ चुकते, मग आठवडा चुकतो, आणि उरते ती फक्त मनाची टोचणी. त्या घरांची श्रद्धा कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. सुरुवात करण्याची रीत चुकली, एवढंच. ती रीत समजून घ्यायला आज रायगडच्या किनाऱ्यावर जाऊ.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुढे ही माणसं अष्टागरात, रोह्यापेणपर्यंत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हटली जाऊ लागली. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावं त्यांनी घेतली. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. उरला शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, आणि एक प्रार्थना, 'शमा'. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी तीच म्हटली जाई. 'शमा' या हिब्रू शब्दाचा अर्थ 'ऐक'.

ही प्रार्थना अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिच्या लगेच पुढे घरातल्या शिक्षणाची आज्ञा येते : ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला, दाराच्या चौकटीवर ती लिहा. वाचायला पुस्तक नव्हतं त्या पिढ्यांमध्येही आईबाप बोलत होते, मुलं ऐकत होती, आणि शब्द टिकला. मी ख्रिस्ती आहे, ते यहुदी आहेत, आणि त्यांची परंपरा आपली म्हणून मिरवण्याचा मला अधिकार नाही. पण जुना करार दोन्ही घरांत आहे, आणि घरातलं शास्त्र कानातून कसं वाहत राहतं हे मला याच किनाऱ्यानं शिकवलं.

ग्रंथ परत आला तो मराठीतून. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. मराठी नवा करार त्यांनी स्वतःच्या छापखान्यातून १८२६ मध्ये काढला. त्यांच्या कोकणातल्या शाळांत बेने इस्रायल मुलं शिकत आणि बेने इस्रायल शिक्षक शिकवत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये याच समाजासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांची अपेक्षा होती की ही माणसं ख्रिस्ती होतील. बहुतेकांनी मराठी जुना करार घेतला आणि ते यहुदी राहिले, उलट आणखी जाणते यहुदी झाले. १८८० च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तनं सुरू झाली. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. चाल आणि साकी-दिंडी इथलीच. वाचता येणारा आणि न येणारा एकाच सतरंजीवर बसून ऐकत होता.

ख्रिस्ती घरांत हे त्याच्याही आधी घडलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काहीच नव्हतं. ती उणीव स्टीफन्सनी ओळखली. माणसाला धर्माचा सिद्धांत दिला आणि संध्याकाळची कथा काढून घेतली तर घर रिकामं होतं, हे या इंग्रज पाद्र्याला उमगलं, याचा मला आजही अचंबा वाटतो. त्यांनी ओवी निवडली, कारण ओवी मोठ्यानं म्हणायची असते.

आता परत रायगडच्या किनाऱ्यावर, कोर्लईला जाऊ. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर पोर्तुगीज किल्ला, पायथ्याशी गाव आणि माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च. १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली मात्र आजवर टिकली आहे. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती चुलीपाशी आणि अंगणात जगते. शाळा मराठी, चर्चमधली उपासना मराठी.

अशा घरात बायबल कोणत्या भाषेत वाचायचं? माझं उत्तर असं आहे : वाचावं मराठीत, आणि वाचून झालं की बोलावं घरच्या बोलीत. नातवानं उधळ्या पुत्राचा दाखला मराठीतून वाचावा आणि आजीनं तो नॉ लिंगमध्ये परत सांगावा. सांगताना आजी आपोआप ठरवते की बापानं धावत जाऊन मुलाला मिठी मारली ही गोष्ट किती सावकाश सांगायची. तिथंच वचन घरातलं होतं. हे फक्त कोर्लईपुरतं नाही. आगरी, कोळी, मालवणी, वसईची सामवेदी, घरात जी बोली असेल तिला या बैठकीत जागा हवी. शाळेतल्या वाचनासारखं वाचून पुस्तक मिटलं, तर मुलाला वाटतं की देव प्रमाण मराठीच बोलतो.

प्रमाण मराठीतही निवड असते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईला कळावं या एकाच ध्यासानं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. स्तोत्रं जुन्या, भारदस्त भाषांतरातून वाचावीत, ती पाठ होतात. कथा मात्र सोप्या भाषांतरातून. एका घरात दोन भाषांतरं असायला हरकत नाही.

वेळेबद्दल वाद घालत बसू नये. मराठी घरात दिवेलागण ही आधीच ठरलेली वेळ आहे. कॅथलिक घरांत तेव्हा जपमाळ असते, प्रॉटेस्टंट घरांत उपासना. जिथं जपमाळ रोज होते तिथं बायबलसाठी वेगळी बैठक काढू नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ च्या पत्रात सुचवलं होतं की जपमाळेतल्या प्रत्येक रहस्याचा उच्चार झाल्यावर त्याला जुळणारा शास्त्रपाठ वाचावा. पाच रहस्यं, पाच छोटे उतारे, प्रत्येकी चार-पाच वचनं. आठवडाभरात शुभवर्तमानातले महत्त्वाचे प्रसंग घरातल्यांच्या कानावरून जातात.

पण या किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी मोठी. होडी पहाटे निघाली तर संध्याकाळी माणूस पेंगतो. कुणी थळच्या खत कारखान्यात पाळीवर असतं, कुणी मुंबईत नोकरीला, शनिवारी मांडव्याच्या बोटीनं परतणारं. तिथं वेळ धरू नये, प्रसंग धरावा : जेवणाची ताटं उचलली की वाचन, मग सात वाजलेले असोत की साडेनऊ. मुंबईतल्या बापानं फोन करावा आणि स्पीकरवर तोच उतारा वाचावा. त्या दहा मिनिटांत लेकराला बापाचा आवाज मिळतो. कसलाही देखावा न करता चालणारी याहून मोठी उपासना मला तरी ठाऊक नाही.

किती वाचायचं, इथं बहुतेकांची गाडी अडते. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा जास्त होतात. स्कॉटलंडच्या डंडी शहरातले पाळक रॉबर्ट मरे मचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी आखलेली योजना आजही जगभर वापरतात. तीत रोज चार अध्याय, दोन घरच्या उपासनेत आणि दोन एकांतात. सराव असलेल्या घराला ती झेपेल. नव्यानं बसणाऱ्या घराला तिच्यामुळे थकवा येतो. मार्कपासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, घटना भराभर घडतात. अध्यायही पूर्ण नको, एका मथळ्याखालचा उतारा पुरे. मग रूथ, चार अध्याय. मग योना, तेही चारच, आणि त्यात वादळ आहे. डिसेंबरात लूक घ्यावा : चोवीस अध्याय, एक तारखेपासून चोवीसपर्यंत, नाताळच्या आदल्या रात्री बरोबर संपतो. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस, तारीख पाहून उघडता येतात.

आपल्या किनाऱ्याला जवळचे उतारे आधी घ्या. किनाऱ्यावर जाळी नीट करत बसलेले झब्दीचे मुलगे, रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेला पेत्र, चांगली मासळी भांड्यात भरून वाईट फेकून देणारे कोळी, हे इथल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. बंदरावर त्यानं ते पाहिलेलं असतं. उरण-पेणच्या मिठागरांजवळ राहणाऱ्याला मिठाचा दाखला वेगळाच भिडतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय तर एखाद्या तांडेलाला वाचायला द्यावा. जहाजावर २७६ माणसं, चौदाव्या रात्री खलाशी पाण्याचा ठाव घेतात, आधी वीस वाव, थोडं पुढं गेल्यावर पंधरा वाव, मग खडकाच्या भीतीनं नाळेच्या उलट बाजूनं चार नांगर टाकतात. 'वाव' हा शब्द शहरातल्या मुलाला शब्दकोशात शोधावा लागेल. तांडेल दोन्ही हात पसरून दाखवेल.

एक चूक माझ्या माहेरची सांगते, कारण ती फार घरांत होते. वडील वाचून झाल्यावर प्रश्न विचारत, आणि उत्तर चुकलं की तो अध्याय पुन्हा. त्यांचा हेतू चांगला होता. आम्ही भावंडं मात्र ऐकायचं सोडून उत्तरं पकडायला लागलो, आणि मला कित्येक वर्षं शुभवर्तमान ऐकताना पोटात गोळा यायचा. परीक्षा नको. एखादं मूल झोपलं तर झोपू द्या. आवाज झोपेतही पोचतो. मुलानं प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर 'मलाही कळलं नाही, रविवारी पाळकांना विचारू' म्हणा, आणि खरंच विचारा. वाचणारा रोज तोच नको. आठ वर्षांची मुलगी अडखळत वाचते तेव्हा घर जास्त लक्ष देतं.

दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका. थकलेल्या हप्त्यांसारखं ते साठत गेलं की पुस्तक उघडायचीच भीती वाटते. आज जिथं खूण आहे तिथून पुढं.

निवासमंडपाच्या त्या मापांचं काय करायचं, वंशावळ्या मुलांसमोर वाचायच्या की गाळायच्या, हे पुढच्या लेखांकात. तोवर मार्काचा पहिला अध्याय. शिमोन आणि अंद्रिया समुद्रात जाळं टाकत आहेत, त्या वचनापाशी आज थांबा आणि घरात कुणी जाळं टाकलं असेल तर ते कसं टाकतात, हे त्याला सांगू द्या.