ग्लोव्ह वाढत्या अंगाचा नको

शाळाशाळांतून क्रीडा स्पर्धांची तयारी सुरू झाली की अनेक घरांत एक नवीन मागणी येते. मुलाचे किंवा मुलीचे नाव सॉफ्टबॉलच्या संघात आलेले असते आणि ग्लोव्ह हवा असतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने होतात. त्यामुळे तालुक्याच्या गावीही हा खेळ आता नवखा राहिलेला नाही. मात्र बहुतेक पालक स्वतः हा खेळ खेळलेले नसतात. क्रिकेटची बॅट कशी पारखावी हे वडिलांना ठाऊक असते, ग्लोव्हच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. ग्लोव्ह चुकीचा निघाला तर पैसे वाया जातातच, शिवाय मुलांच्या बोटांना दुखापत होते. म्हणून या विषयाला आरोग्याच्या सदरात जागा दिली आहे.

नाव 'सॉफ्ट', चेंडू कठीण

सॉफ्टबॉल या नावाने पुष्कळांची फसगत होते. हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका सभागृहात सुरू झाला. तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला होता आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला होता. आजचा चेंडू तसा मऊ नाही. त्याचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम असते. क्रिकेटच्या चेंडूचा घेर सुमारे ९ इंच आणि वजन १६० ग्रॅमच्या आसपास असते, यावरून कल्पना यावी. त्यातच अंतर कमी. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, तर महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर फक्त ४३ फुटांवरून चेंडू टाकते. टोलवलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे येतो तेव्हा विचार करायला वेळच नसतो.

शिकागोत १६ इंच घेराच्या मोठ्या चेंडूचा सॉफ्टबॉल आजही उघड्या हातांनी खेळला जातो आणि तिथल्या जुन्या खेळाडूंची वाकडी झालेली बोटे प्रसिद्ध आहेत. ग्लोव्ह कशासाठी, याचे उत्तर त्या बोटांतच आहे.

मोठ्या ग्लोव्हचे दुखणे

आपल्याकडे मुलांचा गणवेश आणि बूट वाढत्या अंगाचे घेण्याची पद्धत आहे. दोन वर्षे चालावे हा हिशेब रास्तच आहे. पण ग्लोव्हला हा नियम लावू नये. मोठा ग्लोव्ह लहान हाताला वळवता येत नाही, मिटता येत नाही आणि त्याच्या वजनाने मनगट खाली झुकते. चेंडू ग्लोव्हच्या खोलगट भागात, म्हणजे पॉकेटमध्ये, न बसता तळहातावर किंवा बोटांच्या टोकांवर आदळतो. मग मूल दुसरा, उघडा हात मदतीला पुढे आणते आणि त्याच हाताच्या बोटांवर चेंडू बसतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलांचा हा हात बहुधा लिहिण्याचाही असतो.

ग्लोव्हचे माप इंचात असते आणि ते तर्जनीच्या टोकापासून पॉकेटवरून खाली मनगटाकडच्या कडेपर्यंत मोजतात. साधारणपणे ८ ते १० वर्षांच्या मुलांना ११ इंचांच्या आसपासचा, ११ ते १३ वर्षांच्या मुलांना साडेअकरा ते १२ इंचांचा आणि त्यापुढे १२ ते साडेबारा इंचांचा ग्लोव्ह पुरतो. मैदानाच्या मागच्या भागात खेळणाऱ्या मोठ्या मुलांना १३ इंचांपर्यंतचा चालतो. वय हा केवळ अंदाज आहे. शेवटी माप हाताचेच घ्यावे, आणि त्यासाठी मुलाला दुकानात बरोबर न्यावे.

दुकानात काय पाहावे

पहिली गोष्ट हाताची. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो, डावखुऱ्याचा उजव्या हातात. शाळेच्या साहित्यात डावखुऱ्यांचा ग्लोव्ह बहुधा नसतो. मग ते मूल चेंडू झेलते, ग्लोव्ह काढते आणि त्याच हाताने फेकते, किंवा न जमणाऱ्या हाताने फेकायचा प्रयत्न करते. अशा मुलाला स्वतःचा ग्लोव्ह सर्वांत आधी मिळावा.

दुसरे, ग्लोव्ह घालून मुलाला हात खाली सोडायला सांगावे. तो सरकून पडता कामा नये. मनगटाचा पट्टा आवळता येतो ना, हेही पाहावे.

तिसरे, दुसऱ्या हाताची मदत न घेता मुलाला ग्लोव्ह मिटता आला पाहिजे. नवा ग्लोव्ह थोडा ताठ असणारच, पण अजिबात मिटत नसेल तर तो नको. प्लास्टिकसारख्या कडक रेक्झिनचे स्वस्त ग्लोव्ह कित्येकदा वर्षभर वापरूनही मऊ होत नाहीत.

चौथे, ग्लोव्ह घातलेला हात छातीसमोर धरून शंभरपर्यंत अंक मोजायला सांगावे. त्याआधीच हात खाली येऊ लागला तर ग्लोव्ह जड आहे.

पाचवे, खरा सॉफ्टबॉल आत ठेवून पाहावा. बेसबॉलचा चेंडू लहान असल्याने त्या ग्लोव्हचे पॉकेट उथळ असते आणि सॉफ्टबॉल त्यातून निसटतो. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, तेव्हा नीट विचारून घ्यावे. बोटे वेगवेगळी नसलेला 'मिट' हा कॅचर आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू यांच्यासाठीच असतो. इतरांना तो नियमाने चालत नाही.

ताईचा किंवा दादाचा जुना ग्लोव्ह मापाचा असेल तर तो आनंदाने वापरावा. वापरून मऊ झालेला ग्लोव्ह नव्यापेक्षा हाताला बरा. फक्त चामड्याच्या वाद्या तुटलेल्या नाहीत आणि तळव्याची गादी झिजलेली नाही, एवढी खात्री करावी.

नवा ग्लोव्ह रुळवताना

नवा ग्लोव्ह घेऊन थेट सामन्यात उतरू नये. दोन-तीन आठवडे रोज १५ मिनिटे हलके झेल घ्यावेत. रात्री पॉकेटमध्ये चेंडू ठेवून ग्लोव्ह दोरीने बांधून ठेवावा. चामड्याला तेल लावायचे तर अगदी बोटभर. खोबरेल तेलात भिजवलेला ग्लोव्ह लिबलिबीत आणि जड होतो. पावसात भिजला तर पुसून आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत वाळवावा. उन्हात चामडे तडकते.

शाळेचा एकच ग्लोव्ह चार-पाच मुले वापरतात, तिथे घामामुळे नायटा, खरूज यांसारखे त्वचारोग पसरण्याची भीती असते. खेळ झाल्यावर साबणाने हात धुणे आणि ग्लोव्ह पिशवीत कोंबून न ठेवता उघडा वाळू देणे, एवढ्याने बरेच काम होते. हाताला पुरळ किंवा खाज असलेल्या मुलाने ती बरी होईपर्यंत सामायिक ग्लोव्ह वापरू नये.

बोटाला लागलेच तर

चांगला ग्लोव्ह असूनही कधी तरी बोटावर चेंडू बसतोच. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपचार होतो तो बोट ओढण्याचा किंवा चोळण्याचा. हे दोन्ही करू नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकाजवळ वाढीची कूर्चा असते आणि ती सांध्याच्या बंधांपेक्षाही नाजूक असते. मोठ्या माणसाचे जिथे नुसते मुरगळते, तिथे मुलाची ही कूर्चा दुखावलेली असू शकते. ओढाताणीने इजा वाढते आणि पुढे बोट वाकडे वाढण्याचा धोका राहतो.

हातात अंगठी असेल तर लगेच काढावी. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटे शेकावे आणि हात उंच ठेवावा. बोट वाकडे दिसत असेल, बधिर झाले असेल, मिटत किंवा सरळ होत नसेल, हाडावर दाबल्यास तीव्र कळ येत असेल किंवा दोन दिवसांत सूज उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा.

एका दुखापतीकडे विशेष लक्ष द्यावे. चेंडू बोटाच्या टोकावर समोरून बसला की कधी शेवटचे पेर खाली झुकते आणि स्वतःहून सरळ होत नाही. वेदना फार नसते, म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात पेर उचलणारी शीर, म्हणजे स्नायुबंध, तुटलेला असतो. वेळीच पट्टी लावून पेर ६ ते ८ आठवडे सतत सरळ ठेवले तर ते बहुधा शस्त्रक्रियेविना बरे होते. मात्र आंघोळीच्या वेळीही ते एकदा वाकू दिले तर आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

प्रशिक्षकांसाठी दोन शब्द

झेलताना उघडा हात ग्लोव्हच्या शेजारी, अंगठ्याजवळ अंगठा असा ठेवायला शिकवावे. तो चेंडूच्या वाटेत पुढे येऊ नये. कॅचरच्या तळहातावर सतत मार बसत असतो. त्याची बोटे गार किंवा बधिर पडत असतील तर त्याला विश्रांती देऊन तपासून घ्यावे. सरावालाही कॅचरला मास्क आणि फलंदाजाला हेल्मेट सक्तीचे करावे.

मुलगी किंवा मुलगा मैदानावर जातो आहे, हीच मुळात चांगली गोष्ट. 'हात मोडून घेशील' म्हणून पालकांनी तिला अडवू नये. हाताच्या मापाचा ग्लोव्ह घेऊन द्यावा आणि वर्षातून एकदा, शाळा सुरू होताना, तो अजून हाताला बसतो का हे तपासून पाहावे.