तांबं दिसायला लागलं

भंडारदऱ्याहून येताना जीपचं इंजिन ठोकायला लागलं. कशीबशी राजूरला आणली. मिस्त्रींनी ऑइलचं चेंबर उतरवलं, कनेक्टिंग रॉडची टोपी खोलली आणि आतलं अर्धगोल बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. कडेला करडं, मधोमध गुलाबी.

"तांबं दिसायला लागलं, सर. अजून दोन घाट चढला असता तर क्रँक गेला होता."

छऱ्यांच्या बेअरिंगशी याचं नातं नावापुरतंच. ही वाकवलेली पट्टी, पण थरांची. पाठ पोलादाची. तिच्यावर भार पेलणारा तांबं-शिशाचा थर. वर शिसं-कथलाची मऊ साय, जेमतेम २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहून पातळ. ऑइलमधला बारीक कचरा तिच्यात रुतून बसतो, क्रँकवर ओरखडा उठत नाही.

कारखान्यात साफ केलेल्या पोलादी पट्टीवर मिश्रधातूची भुकटी रांगोळीसारखी पसरतात आणि पट्टी ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीतून नेतात. आत हवा शिरू द्यायची नाही, नाहीतर पोलादावर पापुद्रा धरतो आणि तांबं चिकटत नाही. शिसं वितळतं, तांब्याचे कण मात्र न वितळता एकमेकांना आणि पोलादाला धरतात. रोलरखाली दाबून पुन्हा भट्टी. मग तुकडे पाडणं, प्रेसमध्ये वाकवणं, तेलाचं भोक, आतून बोअरिंग. मुलामा शेवटी, त्यातही आधी निकेल. ते नसेल तर सायीतलं कथील हळूहळू तांब्यात मुरतं. आपल्या नगरलाच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स अशी बेअरिंगं बनवत असे.

मिस्त्रींच्या वस्तादांच्या काळी व्हाइट मेटल वितळवून जागेवरच ओतायचे आणि दिवसभर स्क्रेपरने तासत बसायचे. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिटने पेटंट घेतलेली ती युक्ती.

मिस्त्रींनी बेअरिंग उलटं केलं. पाठ चकाकत होती, म्हणजे ते जागेवर हलत होतं. दोन्ही कडांवर कानशीच्या रेघा. मागच्या वेळी, दुसऱ्या गावी, कुणीतरी 'नीट बसत नाही' म्हणून घासलं होतं.

नवं बेअरिंग बसवताना त्याची कड मुद्दामच किंचित वर राहते. टोपी आवळली की त्या दाबानेच ते घट्ट धरलं जातं आणि उष्णता पाठीतून बाहेर जाते. तुमच्या इंजिनाचं काम निघालं, तर शेजारी उभे राहा आणि कुणाला कानस उचलू देऊ नका.