घसरत्या गाडीचा तोल

मोटार घसरली म्हणजे अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, असे आपण समजतो. परंतु गाडी बुद्धिपुरस्सर घसरविणे आणि ती घसरत असतानाच तिच्यावर ताबा ठेवणे, ही एक क्रीडा आहे. तिला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. तिचा उगम जपानातला. मोटारसायकलच्या जागतिक शर्यतीत १९६१ साली विजय मिळविणारे पहिले जपानी कुनिमित्सु ताकाहाशी हे पुढे मोटारींच्या शर्यतींकडे वळले, आणि १९७० नंतरच्या दशकात वळणावर गाडी तिरपी घसरवीत नेण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. ते पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातील घाटरस्त्यांवर ती युक्ती हस्तगत केली. सार्वजनिक रस्त्यावरचा हा प्रकार अर्थातच बेकायदा आणि प्राणघातक होता. पुढे हा खेळ बंदिस्त धावपट्टीवर आला. जपानात २००१ पासून ‘डी-वन ग्रां प्री’ आणि अमेरिकेत २००४ पासून ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ या नावांनी त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या.

या स्पर्धांत दोन गाड्या एकमेकींना जवळजवळ खेटून, एकाच वेळी तिरप्या घसरत जातात. मागच्या चालकाची सुरक्षितता पुढची गाडी अपेक्षेप्रमाणे वागण्यावर, आणि त्याहून अधिक त्याची स्वतःची गाडी अपेक्षेप्रमाणे वागण्यावर अवलंबून असते. म्हणून गाडीच्या बैठकीचे व चाकांच्या कोनांचे जे गणित आज सांगावयाचे आहे, ते केवळ हौशी लोकांचे कुतूहल नव्हे. त्यावर माणसांचे हातपाय अवलंबून आहेत.

प्रथम घसरण म्हणजे काय ते पाहू. समजा, गाडी डावीकडे वळत आहे. चालक इंजिनाच्या जोराने मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड मोडतो. मागचा भाग उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर, जाऊ लागतो. तो पुरता गरगरू नये म्हणून चालक पुढची चाके उलट, म्हणजे उजवीकडे वळवितो. येथे कामाची वाटणी स्पष्ट आहे: मागची चाके घसरत घसरत गाडी पुढे ढकलतात, आणि पुढची चाके पकड न सोडता दिशा सांभाळतात. चाकांची सारी जुळणी या वाटणीतून निघते.

तीन कोन महत्त्वाचे आहेत. पहिला ‘कॅस्टर’. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता किंचित मागे कललेला असतो, जसा सायकलचा पुढचा फोर्क. त्यामुळे चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा अक्षाच्या रेषेमागे राहते, आणि गाडी ज्या दिशेने जात असेल त्या दिशेकडे चाक आपणहून वळू पाहते. रुग्णालयातील ढकलगाडीचे छोटे चाक असेच मागे फिरून सरळ होते. ड्रिफ्टच्या गाडीत हा कल पुष्कळदा ७ अंशांच्या आसपास ठेवतात. मग गाडी घसरताच स्टिअरिंग चालकाच्या तळव्यातून आपोआप उलट फिरते. त्याने ते नेमके कोठे थांबवावयाचे एवढेच पाहावे.

दुसरा कोन ‘कँबर’, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल. आपल्या उदाहरणात गाडीचा भार उजव्या बाजूच्या चाकांवर येतो. परंतु पुढचे उजवे चाक उजवीकडे वळविले की कॅस्टरमुळेच त्याचा माथा बाहेर कलतो, आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणजे ज्या चाकावर सर्वाधिक भिस्त, त्याचीच पकड कमी होते. यावर उपाय म्हणून पुढच्या चाकांचे माथे आधीच ४ ते ६ अंश आत झुकवितात. गाडी उभी असता चाके फेंगडी दिसतात, पण भर घसरणीत नेमके तेच चाक रस्त्यावर सपाट बसते. मागच्या चाकांना मात्र ढकलण्यासाठी रुंद बूड हवे. म्हणून तेथे हा कल शून्याजवळ, फार तर एक अंश ठेवतात.

तिसरा ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत वळली आहेत की बाहेर. पुढची चाके अगदी थोडी बाहेर उघडली तर गाडी चटकन् वळते. मागची किंचित आत वळविली तर ती स्थिर राहते. हा कोन लहान, पण परिणाम मोठा. चाक आपल्या मार्गापासून केवळ एक अंश तिरपे असेल, तर दर किलोमीटरमागे टायर सुमारे १७ मीटर आडवा घासला जातो.

याखेरीज पुढची चाके किती वळू शकतात हाही प्रश्न असतो. साध्या गाडीत ती सुमारे ३५ ते ४० अंश वळतात. येथे ६० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक लागतात. साध्या गाडीत वळणाच्या आतले चाक बाहेरच्याहून अधिक वळते. ही रचना लँकेन्स्पर्गर या जर्मन कारागिराची. पण १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट ॲकरमन यांनी घेतले, आणि नाव त्यांचे राहिले. घसरणीत वळणाचे केंद्र एका बाजूला आणि चाकांची तोंडे दुसऱ्या बाजूला असल्याने हा हिशेब उलटा होतो. म्हणून दोन्ही चाके जवळजवळ समांतर राहतील असे सांधे बसवितात.

स्प्रिंगा आणि शॉक ॲब्झॉर्बर यांचे काम भाराची ने-आण करणे हे आहे. स्प्रिंग फार मऊ असली तर गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर येण्यास उशीर लावते. फार कडक असली तर खाचखळग्यावर चाक उचलले जाऊन पकड एकाएकी सुटते. स्प्रिंग किती दबावी हे तिच्या ताकदीवर ठरते, आणि किती वेगाने दबावी व उलगडावी हे शॉक ॲब्झॉर्बरवर.

जुळणीलाही क्रम आहे. आधी टायरमधील हवा आणि गाडीची उंची, आसनावर चालकाइतके वजन ठेवून. मग मागची चाके. नंतर पुढचा कॅस्टर, मग कँबर आणि सर्वांत शेवटी टो. कारण आधीचे दोन हलविले की टो बिघडतोच. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो वहीत टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. हा नियम कचेरीतही लागू पडतो.

आपल्या घरच्या गाडीला हे कोन लावू नयेत. तिचे काम वेगळे आणि तिचा रस्ता सर्वांचा. पण तिच्या टायरांकडे अधूनमधून निरखून पाहावे. एकच कड गुळगुळीत झाली असेल, तर कँबरची शंका घ्यावी. टायरवर आडवा हात फिरवताना एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडला आहे असे समजावे, आणि गाडी वेळीच कारागिराकडे न्यावी. जाणूनबुजून घसरणारी माणसे एकेका अंशाचा हिशेब ठेवतात; मग ज्यांना घसरावयाचे नाही, त्यांनी तो ठेवू नये काय?