बाळ अचानक रात्री जास्त उठतंय? ‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी हे तपासा

रात्रीचे दोन वाजलेत. बाळ तिसऱ्यांदा उठलंय. गेल्या आठवड्यापर्यंत सलग तीन-चार तास झोपणारं हेच बाळ आता दर दीड तासाने दूध मागतं. घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर.’ दुसऱ्या दिवशी दुधात पाणी घालून बाटली भरली जाते.

पुण्यातल्या फ्लॅटमध्येही हेच घडतं. पण अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरसारख्या गावातून जळगाव साधारण ६० किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगर जवळपास १०० किलोमीटर. मध्यरात्री बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे नेहमीचं उठणं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे घरातच ओळखता यायला हवं.

बाळ जास्त का उठतं?

दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना, या सुमारास अनेक बाळांची भूक काही दिवस अचानक वाढते. वारंवार ओढून बाळ आईच्या शरीराला ‘जास्त दूध बनव’ असा निरोपच देत असतं. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध बनतं. दूध साचून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं वाया जात नाही.

बाटलीची खरी अडचण इथेच आहे. पोट भरल्याने बाळ झोपतं, स्तन भरलेले राहतात आणि पुढे दूध खरोखरच कमी होतं. ‘पुरत नाही’ हा अंदाज अशा रीतीने स्वतःच खरा ठरतो.

चौथ्या महिन्याच्या आसपास कारण वेगळं असतं. झोपेची घडणच बदलते आणि बाळ हलक्या झोपेतून पूर्ण जागं होऊ लागतं. त्यातच पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असेल, तर साधारण याच काळात सासरी परतणं होतं. जागा नवी, माणसं नवी. काही आया कापूस वेचणीला जाऊ लागतात. दिवसभर आजीजवळ राहिलेलं बाळ मग दिवसाची कसर रात्री काढतं. अशा वेळी कामाला जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजावं. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. मात्र फ्रिजबाहेर ते फार तर चार तास, उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

दूध पुरतंय हे कसं कळणार?

रडण्यावरून नाही, लंगोटावरून. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि पहिल्या काही महिन्यांत महिन्याला किमान ५०० ग्रॅम वजन वाढत असेल, तर बहुतेक वेळा दूध पुरेसं असतं.

वजन कधी करायचं? आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. या पद्धतीचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात काळजी दिली आणि बालमृत्यू ठळकपणे घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पण ४२ व्या दिवसानंतरची पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. आईचा गोंधळ उडतो तो नेमका याच मधल्या काळात. यावर सोपा उपाय म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला गेल्यावर वजन करून कार्डावर लिहून घेणं.

जायफळ, गुटी, पाणी?

बाळ झोपावं म्हणून सहाणेवर उगाळलेलं जायफळ चाटवणं अजून चालतं. प्रमाणाचा नेम नसतो आणि गुंगीतलं बाळ दूधच पीत नाही. मधाने एक वर्षाखालच्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने आईचं दूध सोडून काहीही नको, मे महिन्याच्या उन्हातही पाणी नको.

रात्री काय करायचं?

दिवा मंद ठेवा, बोलणं कमी, मोबाइल दूर. लंगोट खराब असेल तरच बदला. पाजून झालं की ढेकर काढणं, थोपटणं हे बाबांनी किंवा आजीने घ्यावं. आईला तेवढीच अर्धा तास जास्त झोप. बाळाला पाठीवर झोपवा, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. दिवसा उजेडात ठेवा आणि दोन-तीन तासांनी पाजा.

कधी थांबायचं नाही?

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गरम किंवा गार लागलं, झटके आले, हालचाल मंदावली, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षभरापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तरीही लगेच निघावं. १०८ आणि १०२ या रुग्णवाहिका मोफत आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला १०२ चा लाभ मिळतो. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.