आधी गाडी ‘डेड’ करायची

घरगुती वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाच्या खिशाला टेस्टर लटकलेला असतोच. सॉकेटमध्ये टोक घातलं, मागच्या टोपीवर बोट टेकवलं, आतला दिवा लुकलुकला की फेज. नाही लुकलुकला तर हात घालायला हरकत नाही. दोन-तीन पिढ्यांच्या हाताला लागलेली ही सवय इलेक्ट्रिक मोटारीच्या नारिंगी केबलपाशी माणसाला दगा देते. टेस्टरचा दिवा पेटतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या इवल्याशा करंटवर. मोटारीतल्या बॅटरीचा जमिनीशी संबंधच नसतो. तिचा प्लस चेसिसला जोडलेला नाही आणि मायनसही नाही. ४०० व्होल्टच्या टोकाला टेस्टर लावला तरी तो गप्प बसू शकतो, आणि मिस्त्री म्हणतो, काही नाही इथे.

आपल्याकडे इलेक्ट्रिक मोटारींची दुरुस्ती शिकायला येणारे बहुतेक जण दोन वाटांनी येतात. एक वाट पेट्रोल-डिझेलच्या गॅरेजची, दुसरी वायरमनची. दोघांकडेही अनुभव असतो, आणि शिकवणाऱ्यांना सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते त्या अनुभवाशीच. इंजिनवाल्याला कानाने कळतं की गाडी चालू आहे. बोनेटवर हात ठेवला तर गरम-थंड कळतं, नाकाने गळती कळते. इथे गाडी उभ्या उभ्या ‘रेडी’ असते आणि हूं की चूं करत नाही. वायरमनला मेन स्विच पाडला की काम सुरू करायची सवय. इथे बॅटरी म्हणजेच मेन, आणि ती पाडता येत नाही.

आकडे आधी समोर ठेवलेले बरे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या त्या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची होती आणि तिचा व्होल्टेज ३२० च्या आसपास. निस्सान लीफच्या बॅटरीत एकामागून एक ९६ जोड असतात, म्हणजे पूर्ण चार्जला ४०० व्होल्ट. आयोनिक ५ सारख्या गाड्या ८०० व्होल्टच्या घरात गेल्या. माणसाचं शरीर, हातापासून हातापर्यंत, ढोबळ हिशेबाने १००० ओहम धरतात. ४०० भागिले १०००, म्हणजे ४०० मिलिअँपिअर. आपल्या घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, कारण त्यापुढे हृदयाला धोका सुरू होतो असं मानलं जातं. मोटारीत असा पडणारा आरसीसीबी नाही. डीसी करंट हृदयाला एसीपेक्षा जरा कमी घातक असतो हे खरं, पण त्या फरकाच्या भरवशावर हात घालावा इतका तो मोठा नाही.

नियमांनी धोक्याची रेषा ६० व्होल्ट डीसी आणि ३० व्होल्ट एसी इथे आखली आहे. आपलं एआयएस-०३८ हे मानकही तीच रेषा धरतं. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षा या रेषेच्या अलीकडे, ४८ व्होल्टच्या आसपास राहतात. म्हणून गल्लीतला मेकॅनिक स्कूटरची बॅटरी उघड्या हातांनी काढतो-बसवतो आणि त्याला काही होत नाही. माझ्या मते धोक्याची खरी जागा हीच. स्कूटरवर वर्षभर हात साफ केलेल्या पोराला चारचाकीची नारिंगी केबल ही जरा जाड वायर वाटते. नारिंगी रंग उगाच दिलेला नाही. रेषेपलीकडचा व्होल्टेज वाहणाऱ्या केबलचं वरचं आवरण त्याच रंगाचं असलं पाहिजे, असा नियमच आहे.

आता कामाकडे वळू. चांगल्या वर्कशॉपमध्ये नारिंगी केबलच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येक कामाची सुरुवात गाडी ‘डेड’ करण्यापासून होते. गाडीभोवती साखळी किंवा पट्टी लावून बे वेगळा करतात आणि बोर्ड टांगतात. टेक्निशियन अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन, हातातलं कडं उतरवून ठेवतो. दंडावरचा ताईतसुद्धा. यावर कुरकुर होते, पण उघड्या बॅटरीवर धातूचं कडं आडवं पडलं तर हजारो अँपिअर त्यातून जातात आणि ते मनगटावरच लाल होतं. गाडी बंद करून चावी लांब, कुलपात जाते. हल्लीची चावी खिशात असताना नुसतं ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तरी गाडी जागी होते. मग १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा मायनस काढतात.

ही छोटी बॅटरी म्हणजे या सगळ्या व्यवस्थेतली मजेशीर गोष्ट आहे. मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी प्लस आणि मायनसवर एकेक कॉन्टॅक्टर असतो, आणि त्यांच्या कॉइल १२ व्होल्टवर चालतात. छोटी बॅटरी सुटली की कॉइल सुटते, कॉन्टॅक्टर उघडतात आणि मोठी बॅटरी आपल्या पेटीत कोंडली जाते. म्हणजे ४०० व्होल्टच्या दाराची कडी १२ व्होल्टच्या हातात. पण कॉन्टॅक्टरचे पॉइंट कधी कधी एकमेकांना चिकटतात. कॉइल सुटली तरी पॉइंट उघडत नाहीत. बाहेरून ते दिसत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या अशा शक्यतांसाठीच आहेत.

पुढची पायरी सर्व्हिस प्लगची. कंपनीगणिक त्याची जागा बदलते: कधी मागच्या सीटखाली, कधी फ्लोअरच्या गालिच्याखाली, कधी बोनेटमध्ये. अनेक गाड्यांत तो बॅटरीच्या ऐन मध्यावर असतो. तो उपसला की सेलची माळ तुटते आणि दोन अर्धुकं उरतात. प्लग काढणारा तो स्वतःच्या कुलपात ठेवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या कुणी भलत्या उत्साहाने तो परत बसवू नये म्हणून. काही नव्या गाड्यांत मोठा प्लगच नाही. तिथे १२ व्होल्टचाच एक छोटा कनेक्टर उघडून त्याला कुलूप घालतात.

यानंतर थांबायचं असतं, आणि खरी परीक्षा इथेच. गाडीची मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो. बॅटरी कोंडली तरी त्याच्या पोटातला चार्ज तिथेच राहतो. १००० मायक्रोफॅरड आणि ४०० व्होल्ट धरले तर ८० ज्यूल. आत बसवलेले रेझिस्टर तो हळूहळू रिता करतात, म्हणून कंपनीच्या पुस्तकात पाच मिनिटं, दहा मिनिटं असा वेळ दिलेला असतो. बाहेर ग्राहक बसलेला, सर्व्हिस अॅडव्हायझर दर दोन मिनिटांनी डोकावतो, आणि टेक्निशियन हाताची घडी घालून उभा. हा वेळ जॉब कार्डवर स्वतंत्र ओळ म्हणून धरला जात नाही तिथे तो हमखास खाल्ला जातो.

मग मीटर. तो ‘कॅट ३, १००० व्होल्ट’ असा शिक्का असलेलाच हवा. बाजारातला पिवळा स्वस्त मीटर इथे चालत नाही. पण मीटर शून्य दाखवतो याचा अर्थ दोन होतात: व्होल्टेज नाही, किंवा मीटर बिघडलाय. लीड तुटलेली असते, सेल उतरलेला असतो. म्हणून आधी मीटर एखाद्या चालू ठिकाणी, चक्क १२ व्होल्टच्या बॅटरीवर, लावून बघतात. मग नारिंगी टर्मिनलवर: प्लस-मायनस, प्लस-चेसिस, मायनस-चेसिस. आणि मग पुन्हा त्याच चालू ठिकाणी. तिन्ही वेळा मीटर खरं बोलला तर गाडी डेड. टेस्टरवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ही तिसरी पायरी पहिल्यांदा पोरकट वाटते.

हे सगळं होईपर्यंत हातात ग्लोव्ह्ज असतात, आणि त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या कामाला ‘क्लास शून्य’चे रबरी ग्लोव्ह्ज लागतात. ते १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीपर्यंत चालतात, आणि त्यांची चाचणी ५००० व्होल्टला झालेली असते. आत घाम टिपायला सुती अस्तर, वर खरचटू नये म्हणून चामड्याचा जोड. चामडं शॉकपासून वाचवत नाही, ते फक्त रबराला वाचवतं. दर वेळी घालण्यापूर्वी मनगटाकडून ग्लोव्ह गुंडाळत जायचं, बोटांत हवा कोंडायची आणि गालाजवळ धरून दाबायचं. टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला हवा लागते. सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी. आणि गॅरेज म्हटलं की ग्रीस आलंच. तेल-ग्रीस लागलं की रबर फुगतं, कमजोर होतं. म्हणून हा जोड हत्यारांच्या ट्रॉलीत पान्यांबरोबर कोंबायचा नाही, घडी घालून ठेवायचा नाही, उन्हात वाळवायचा नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली हे तीन थर घालून बारीक नट फिरवणं किती जिकिरीचं होतं, ते घातल्याशिवाय कळत नाही. ग्लोव्ह्ज काढून टाकण्याचा मोह तिथूनच येतो. तो थोपवायला शेडला चांगले पंखे बसवणं भिंतीवर आणखी एक पोस्टर लावण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

जवळ आणखी एक माणूस हवा. तो हात लावत नाही, नुसता उभा राहतो. त्याच्या हाताशी फायबरचा लांब दांडा असतो, टोकाला वाकडा आकडा. पहिला चिकटला तर त्याला हाताने ओढायचं नाही, आकड्याने मागे खेचायचं आणि छाती दाबायला सुरुवात करायची. बसच्या कामात याचं महत्त्व वाढतं. पुण्यात पीएमपीकडे इलेक्ट्रिक बस २०१९ मध्ये आल्या. एसटीची इलेक्ट्रिक बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. काही बसमध्ये बॅटऱ्या छतावर असतात. तिथे जीव जायला शॉक मोठा असायची गरज नाही. दचकून तोल गेला तरी पुरे.

प्लस-मायनस दोन्ही चेसिसपासून तोडून ठेवण्यामागे हेतू आहे. एका केबलचं आवरण फाटून ती चेसिसला टेकली तरी सर्किट पूर्ण होत नाही, हात लावणाऱ्याला काही होत नाही. घात होतो तो दुसऱ्या बिघाडाने. म्हणून गाडी स्वतःच इन्सुलेशन मोजत राहते. मानकाची किमान अट डीसीला व्होल्टमागे १०० ओहम आणि एसीला ५०० ओहम अशी आहे. त्याखाली गेलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन चोर शोधायचा.

या शोधात एक चोर असा सापडतो की ऐकणाऱ्याला पटत नाही: एसीचं, म्हणजे एअर कंडिशनरचं, तेल. या गाड्यांत कूलिंगचा कॉम्प्रेसर नारिंगी केबलवर चालतो आणि त्याच्या मोटरची वाइंडिंग गॅस-तेलात बुडालेली असते. म्हणून त्यात वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल घालतात. साध्या गाड्यांच्या एसीत पीएजी तेल असतं आणि ते त्या मानाने वीज वाहू देतं. गॅस भरायचं मशीन वर्कशॉपमध्ये एकच. सकाळी पेट्रोल गाडीचा एसी भरला, दुपारी तीच होज इलेक्ट्रिक गाडीला लावली, आणि होजमध्ये उरलेलं थोडंसं पीएजी आत गेलं की गाडीचं इन्सुलेशन ढासळतं. माणूस केबल तपासत बसतो, बॅटरीवर संशय घेतो, आणि दोष असतो कूलिंग कमी झालं म्हणून गाडी आणलेल्या दिवसाचा. यावर इलाज म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं मशीन, किंवा होज धुण्याची शिस्त.

‘डेड’ म्हटलं तरी बॅटरीची पेटी उघडली की आत काहीही मेलेलं नसतं. सेल आपापल्या जागी भरलेले असतात. प्लग काढल्यावर जे अर्धुक उरतं तेही दीडशे-दोनशे व्होल्टचं. डीसीची आणखी एक खोड अशी की त्याची ठिणगी सहज विझत नाही. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला मरायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. टोकं लांब केली तर ठिणगी ताणत ताणत मागे येते. म्हणून पेटीच्या आतलं काम वेगळ्या पायरीच्या माणसाचं मानतात. जर्मनीत तर पायऱ्याच ठरलेल्या आहेत: १एस वाल्याने टायर, ब्रेक, बॉडी बघायची, २एस वाल्याने गाडी डेड करून तिच्या हाय-व्होल्टेज भागावर काम करायचं, चालू व्होल्टेजवर हात फक्त ३एस वाल्याने घालायचा. मुळात गाडी धुणारा पोरगाही नारिंगी केबलकडे बोट दाखवून ‘याला हात नाही’ एवढं सांगू शकला पाहिजे, अशी त्या मांडणीची सुरुवात आहे.

आपल्याकडे आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आला आहे, आणि मोठ्या कंपन्या आपापल्या डीलरच्या लोकांना शिकवून प्रमाणपत्रं देतात. घराची वायरिंग करायला परवानाधारक वायरमन लागतो; त्याहून जास्त व्होल्टेजच्या मोटारीला कंपनीचं ते प्रमाणपत्रच काय तो परवाना. वॉरंटी आहे तोवर हे निभतं, कारण गाडी डीलरकडेच जाते. २०२० सालच्या गाड्यांची बॅटरी-वॉरंटी आठ वर्षांची होती. ती संपेल तेव्हा या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असतील आणि हायवेच्या कडेला, नाक्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये येतील. तिथला मिस्त्री हुशार आहे. इंजिन कानाने दुरुस्त करणारा आहे. त्याच्याकडे कंपनीचा लॅपटॉप नसेल, सर्व्हिस प्लगची जागा त्याला मोबाइलवर शोधावी लागेल. क्लास शून्यचे ग्लोव्ह्ज त्याच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी ते चाचणीला कुठे पाठवायचे हे सांगणारं त्याच्या तालुक्यात कुणी नाही. २०२८ फार लांब नाही.